पावसात ईएलसीबी पडतो, गिझर बदलला तरी पडतोच

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळच्या गावात घर आहे, सिंगल फेज मीटर, पंधरा वर्षांपूर्वीचं कन्सील्ड वायरिंग, सोबत इन्व्हर्टर. उन्हाळाभर काही त्रास नसतो. जूनमध्ये पाऊस लागला की ईएलसीबी (विजेची गळती झाली की घराचा पुरवठा तोडणारा स्विच) पडायला लागतो. बहुतेक वेळा गिझर लावल्यावर पडतो, पण कधी कधी रात्री दोन वाजताही, फ्रीज आणि दोन पंखे सोडून काही चालू नसताना. वायरमनच्या सांगण्यावरून गिझर बदलला, मग ईएलसीबीही नवा बसवला, फरक काही नाही. आता वायरमन म्हणतो, "पावसाळ्यापुरता डायरेक्ट करून देतो," म्हणजे ईएलसीबी वगळून थेट जोडणी. करू द्यावं का?

करू देऊ नका. नवा ईएलसीबीही त्याच पद्धतीने पडतोय, म्हणजे जुना बहुधा चांगलाच होता. आणि नव्या गिझरवरही पडतोय, म्हणजे जुन्या गिझरचीही चूक नव्हती. दोन वस्तूंचे पैसे गेले, पण त्यातून निदान एवढं कळलं की दोष बहुधा वायरिंगमध्ये आहे आणि तो पाण्याशी संबंधित आहे. शोधायची दिशा चुकली ती एकाच ठिकाणी: जे लावल्यावर ईएलसीबी पडतो तेच दोषी, असं धरलं गेलं. एमसीबीच्या (जास्त करंट गेला की पडणारा, एकेका सर्किटचा स्विच) बाबतीत हा तर्क बहुतेक वेळा चालतो. ईएलसीबीच्या बाबतीत तो अनेकदा फसवतो.

आधी हे यंत्र बघतं काय, ते समजून घेऊ. आपण बोलताना ईएलसीबी म्हणतो, पण हल्लीच्या डब्यावर आरसीसीबी असं लिहिलेलं असतं. मी खाली ईएलसीबीच म्हणतो. फेजमधून घरात गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का, एवढंच ते बघतं. पाच अँपिअर गेले आणि पाच परत आले तर गप्प. फरक पडला, म्हणजे काही करंट भिंतीतून, पाण्यातून, अर्थिंगच्या वायरमधून किंवा माणसातून जमिनीत गेला, तर ते पडतं. घरगुती ईएलसीबीवर ३० मिलीअँपिअर लिहिलेलं असतं. प्रमाणानुसार त्याने १५ च्या आत पडायचं नाही आणि ३० ला पडायलाच हवं, त्यामुळे प्रत्यक्षात ते मधे कुठेतरी, बरेचदा २० ते २५ ला पडतं. नऊ वॉटचा एलईडी दिवासुद्धा ४० च्या आसपास घेतो, यावरून ३० मिलीअँपिअर किती थोडे ते कळेल. एमसीबीला एवढ्याची खबरही लागत नाही. माणसाला मात्र १० मिलीअँपिअरच्या आसपास मूठ सोडवता येईनाशी होते आणि त्याच्या काही पट झाले की हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून ३० हा आकडा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. फरक पडण्याचे दोन वेगळे रस्ते आहेत, आणि दोन्हींचा शोध वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो.

पहिला रस्ता सगळ्यांना माहीत असतो: फेजची गळती. गेटच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी शिरलं, फेजचा करंट ओल्या भिंतीतून किंवा अर्थमधून जमिनीत गेला. २३० व्होल्टला ३० मिलीअँपिअर जायला वाटेत साधारण साडेसात हजार ओहमचा रोध पुरतो. ओल्या चिकटपट्टीखालचा जॉइंट तेवढ्यावर सहज येतो. अशा वेळी त्या सर्किटचा एमसीबी खाली केला की त्रास थांबतो.

दुसरा रस्ता न्यूट्रलचा. न्यूट्रलची वायर कुठेतरी अर्थला, ओल्या भिंतीला किंवा लोखंडी बॉक्सला टेकली असेल, तर परत जाणाऱ्या करंटला दोन वाटा मिळतात. थोडा करंट नेहमीच्या न्यूट्रलने ईएलसीबीतून परत जातो, थोडा अर्थिंगच्या खड्ड्यातून जमिनीत जातो. जमिनीत गेलेला ईएलसीबीच्या हिशेबात येत नाही, आणि तो पडतो. पण न्यूट्रलला हात लावला तर शॉक बसत नाही, टेस्टर पेटत नाही, दिवे व्यवस्थित लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षं हा दोष कुणाच्या लक्षात येत नाही.

तुमच्या घरची लक्षणं मला या दुसऱ्या प्रकारची वाटतात. का, ते आकड्यांत सांगतो. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्याकडे वेगळे निघतील, पण हिशेब हाच. दोन किलोवॉटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर घेतो. ट्रान्सफॉर्मरपासून घरापर्यंतच्या न्यूट्रल वायरचा रोध ०.३ ओहम धरला, तर गिझर चालू असताना न्यूट्रल जमिनीच्या तुलनेत अडीच व्होल्टांनी वर येतो. अडीच व्होल्ट म्हणजे काहीच नाही, पण न्यूट्रल अर्थला टेकलेला असेल तर हे अडीच व्होल्ट अर्थिंगच्या खड्ड्यातून करंट ढकलतात. उन्हाळ्यात जांभ्या दगडातला खड्डा कोरडा ठणठणीत, त्याचा रोध समजा २०० ओहम. करंट झाला १३ मिलीअँपिअर. ईएलसीबी गप्प. पावसात तोच खड्डा भिजून ५० ओहमवर आला की करंट ५२ मिलीअँपिअर. गिझरचं बटण दाबताक्षणी ईएलसीबी खाली. म्हणजे दोष बारा महिने तिथेच होता. पावसाने अर्थिंग सुधारलं आणि तो उघडा पडला. बिचारा गिझर फक्त मोठा लोड होता म्हणून बदनाम झाला.

रात्री दोनचं कोडंही यातच सुटतं. न्यूट्रलची तार एकट्या तुमच्या घरापुरती नसते, ट्रान्सफॉर्मरवरची सगळी घरं तीच वापरतात. शेजारी कुणाचा पंप किंवा एसी सुरू झाला आणि तीन फेजमधला लोड असमान झाला, तरी तुमच्या दारातल्या न्यूट्रलवर दोन-तीन व्होल्ट येतात. तुमच्या घरात काही न लावता करंट उलट्या बाजूने न्यूट्रलमधून आत येतो आणि तुमच्या खड्ड्यात उतरतो.

अर्थात मी घर बघितलेलं नाही. रात्री अंगणातला किंवा गेटचा दिवा रात्रभर चालू ठेवत असाल तर रात्री पडण्याचं कारण साधं, पहिल्या प्रकारचंही असू शकतं, कारण दिवसा त्या होल्डरला फेजच पोचत नाही. दोन रात्री तो दिवा न लावता बघा, हा प्रयोग फुकटचा आहे. फ्रीज फ्रॉस्ट-फ्री असेल तर त्यातला बर्फ वितळवणारा हीटर काही तासांनी आपोआप सुरू होतो. तो गळत असला तरी असंच अवेळी पडतं. फ्रीजची पिन एक रात्र काढून ठेवली की तेही कळेल. आणि फक्त वीज कडाडल्यावर पडत असेल, लगेच वर केल्यावर राहत असेल, तर ती गळती नव्हे, तारेवरून आलेला क्षणिक झटका आहे. त्यासाठी भिंती फोडू नका.

इन्व्हर्टरवर संशय जातो, तोही इथे बाजूला ठेवता येतो. इन्व्हर्टर बसवताना ईएलसीबीच्या आधीचा आणि नंतरचा न्यूट्रल एकमेकांत मिसळला गेला तर ईएलसीबी हमखास पडतो. ही चूक फार दिसते. पण ती ऋतू बघत नाही. तुमचा उन्हाळा निर्धोक गेला, म्हणजे ती चूक नाही.

आता शोध. यातलं जे डीबीचं (ईएलसीबी आणि एमसीबी बसवलेल्या डब्याचं) झाकण न उघडता होतं तेवढं तुम्ही करा. झाकण उघडायचं काम परवानाधारक वायरमनचं, कारण ईएलसीबी खाली असला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या दोन्ही वायरी जिवंत असतात. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे, आणि डीबीत पाणी उतरलेलं असेल किंवा जळका वास येत असेल तर यातलं काहीच नको. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

घरातल्या सगळ्या पिना काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण बटण फक्त फेज तोडतं (आणि जुन्या वायरिंगमध्ये उलटं जोडलेलं असेल तर फेजऐवजी न्यूट्रल तोडतं). पिन काढली की दोन्ही सुटतात. इन्व्हर्टरही बंद करा. मग सगळे एमसीबी खाली करून ईएलसीबी वर करा. वर करताना लिव्हर आधी पूर्ण खाली दाबायची, मग वर न्यायची. अर्धवट पडलेली लिव्हर तशीच वर ढकलली तर ती राहत नाही, आणि लोक उगाच यंत्राला नावं ठेवतात.

एमसीबी सगळे खाली असताना ईएलसीबी राहत नसेल, किंवा थोड्या वेळाने आपोआप पडत असेल, तर फेजची गळती बाद. घरगुती डीबीत बहुधा एका खांबाचे एमसीबी असतात. ते फक्त फेज तोडतात. सगळ्या सर्किटचे न्यूट्रल पितळी पट्टीवर एकत्र, कायम जोडलेले राहतात. फेज घरात जातच नाही, तरी पडतोय, म्हणजे न्यूट्रल कुठेतरी जमिनीला टेकलेला आहे.

राहत असेल तर एकेक एमसीबी वर करा, प्रत्येकानंतर पाच मिनिटं थांबा. पडला तर त्या सर्किटवर खूण करा, पण लगेच निकाल देऊ नका. आता उलटतपासणी: तो संशयित एमसीबी खाली ठेवा, बाकीचे वर करा आणि दुसऱ्या सर्किटच्या प्लगला इस्त्री लावा. साधी १००० वॉटची चालेल, ती सव्वाचार अँपिअर घेते. इस्त्रीनेही पडला तर इस्त्री दुसऱ्या एखाद्या प्लगला लावून बघा. कुठेही लावली तरी पडत असेल तर न्यूट्रलचा दोष, आणि तो कुठल्याही सर्किटमध्ये असू शकतो, खाली केलेल्यातसुद्धा. इस्त्रीने पडला नाही आणि फक्त तो एक एमसीबी वर केल्यावरच पडतो, तर फेजची गळती, आणि सर्किट सापडलं. मात्र इस्त्रीचा लोड गिझरच्या निम्माच आहे, त्यामुळे ती सही-सलामत चालली म्हणून न्यूट्रल शंभर टक्के निर्दोष ठरत नाही. शक्यतो ही परीक्षा पाऊस चालू असताना किंवा लगेच नंतर करा. कोरड्या दिवशी करून उपयोग नाही.

तुमच्याकडे मल्टिमीटर असेल तर याहून सरळ पुरावा मिळतो. सगळ्या पिना काढलेल्या, इन्व्हर्टर बंद, ईएलसीबी खाली. ईएलसीबी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, त्यामुळे घरातला न्यूट्रल आता बाहेरच्या जगापासून सुटलेला असतो. तीन पिनच्या कुठल्याही सॉकेटसमोर उभे राहा. वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. सॉकेटचं बटण चालू ठेवा. आधी मीटर ७५० व्होल्ट एसीवर ठेवून तिन्ही जोड्यांत शून्य येतं ना, ते बघा. एकाही जोडीत व्होल्टेज दिसलं तर तिथेच थांबा, काहीतरी वेगळं जोडलेलं आहे. शून्य आलं की मीटर ओहमवर, २ मेगाओमच्या रेंजवर आणा, आणि डावं भोक ते वरचं भोक मोजा.

मीटरच्या पडद्यावर डाव्या बाजूला नुसता "1" दिसत राहिला, म्हणजे रोध रेंजच्या बाहेर, तर न्यूट्रल स्वच्छ. काही शे किलोओहम आले तर ओल आहे, पण ईएलसीबी पाडण्याइतकी नाही. काहीशे ओहम किंवा त्याहून कमी आले (रेंज उतरवत बघा) तर चोर सापडला. आणखी एक खूण: प्रोब (मीटरच्या टोकदार तारा) उलटसुलट केल्यावर आकडा बराच बदलत असेल, किंवा आकडा स्थिर न राहता सरकत असेल, तर मधे पाणी आहे. ओल्या जागी दोन धातू असले की बारीकशी बॅटरीच तयार होते आणि ती मीटरला गोंधळवते. उलटसुलट केल्यावरही आकडा तोच, आणि तो एक-दोन ओहम, तर पाणी नव्हे, तांब्याला तांबं टेकलंय: स्क्रूखाली दबलेली वायर, बॉक्सच्या धारेवर सोललेली वायर, किंवा मुद्दाम मारलेला जम्पर.

मुद्दाम जम्पर, हे वाचून आश्चर्य वाटेल, पण गावाकडे हे सर्रास सापडतं. घरात अर्थिंग नव्हतं तेव्हा फ्रीजच्या "बॉडीला करंट येतो" म्हणून कुणीतरी त्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाकलेला असतो. पुढे कधीतरी अर्थिंगचा खड्डा होतो, ईएलसीबी बसतो, आणि तो तुकडा आत तसाच राहतो. हा तुकडा एरवीही जीवघेणा आहे. खांबावर न्यूट्रल तुटला तर त्या सॉकेटवरच्या उपकरणाच्या लोखंडी अंगावर थेट २३० व्होल्ट येतात. फ्रीजचं, वॉशिंग मशीनचं आणि पाण्याच्या मोटारीचं सॉकेट आधी उघडून बघायला सांगा.

इथपर्यंत कळलं की दोष न्यूट्रलचा आहे. कुठल्या सर्किटमध्ये, हे वायरमनच काढेल, कारण त्यासाठी मेन बंद करून न्यूट्रल पट्टीवरची एकेक वायर सोडवून अर्थशी मोजावी लागते. सात-आठ वायरी असतात, काम अर्ध्या तासाचं. सोडवताना प्रत्येकीवर कागदी चिकटपट्टी लावून कुठल्या एमसीबीची जोडी, ते लिहून ठेवायला सांगा. हे कुणी करत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मल्टिमीटरने काहीच सापडलं नाही तर मेगर, म्हणजे वायरीचं इन्शुलेशन तपासायचं यंत्र, लागेल. मल्टिमीटर अवघ्या काही व्होल्टवर मोजतो, मेगर ५०० व्होल्ट लावतो. भेगाळलेलं, किंचित दमट इन्शुलेशन कमी व्होल्टला साधुसंत असतं आणि ५०० ला खरं रूप दाखवतं. निदान १ मेगाओम यायला हवा. चांगल्या कोरड्या वायरिंगला दहापट-शंभरपट येतो. मेगर लावण्याआधी एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, चार्जर आणि खुद्द ईएलसीबी सर्किटमधून सोडवलेले हवेत, नाहीतर दोष सापडेल आणि दिवे जातील. सोडवणं शक्यच नसेल तर फेज-न्यूट्रल एकत्र जोडून दोन्हींचं मिळून अर्थशी मोजायचं.

काही वायरमनकडे गळती मोजायचा क्लॅम्प मीटर असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम त्याच्या जबड्यात धरले की फरकाचा करंट थेट मिलीअँपिअरमध्ये दिसतो, काही सोडवावं लागत नाही. पण तो खास गळतीचाच हवा. साधा क्लॅम्प इतक्या बारीक करंटला आंधळा असतो.

थोडक्यात क्रम असा: आधी फेज की न्यूट्रल ते ठरवा, मग सर्किट, मग जागा. उलट क्रमाने गेलं की गिझर बदलले जातात.

जागा शोधताना कोकणात मी घराच्या नैर्ऋत्येकडून सुरुवात करायला सांगेन, कारण झोडपणारा पाऊस तिकडून येतो. त्या भिंतीवरची बाहेरची बेल, पोर्चचा दिवा, बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनची जाळी, एसीच्या बाहेरच्या युनिटची केबल. बेलचं बटण हा सगळ्यांत दुर्लक्षित गुन्हेगार आहे: त्याला चोवीस तास फेज असतो, वर छप्पर नसतं आणि मागचा बॉक्स भिंतीत उघडा असतो. मग गच्ची: टाकीच्या फ्लोट स्विचची वायर, आणि स्लॅबमधून खाली पंख्याच्या बॉक्सकडे उतरणारा पाइप. स्लॅब झिरपत असेल तर पाणी पाइपातूनच वाट काढतं आणि पंख्याच्या कपातून थेंब पडतो. नंतर जमिनीखालचं: गेटच्या दिव्याची केबल, विहिरीच्या किंवा बोअरच्या मोटारीचा जॉइंट. आणि बोर्डांत मुंग्यांची वारुळं, वाळलेल्या पाली. हसू नका, मुंग्यांनी आणलेली माती ओल धरते आणि दोन स्क्रूंच्या मधे पूल बांधते.

गिझरबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढे कधी खरंच गिझरचा दोष आला तर ओळखता यायला हवा. गिझरच्या कॉइलमधली तार पांढऱ्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेली असते. ती भुकटी हवेतली ओल शोषते. उन्हाळाभर बंद राहिलेला गिझर जूनमध्ये लावला की तो गळू शकतो. खरा गिझरचा दोष असेल तर तो गिझर ज्या प्लगला लावाल तिथे पडेल, आणि गिझर काढून इस्त्री लावली तर पडणार नाही. एवढी परीक्षा आधी केली असती तर तुमचा जुना गिझर वाचला असता. (या वाक्याचा उद्देश टोचणं नाही. जुना अजून अडगळीत असेल तर देऊन टाकू नका.)

आता दुरुस्ती. बाहेरच्या जॉइंटवर साधी काळी किंवा रंगीत पीव्हीसी चिकटपट्टी गुंडाळणं म्हणजे पाणी अडवणं नव्हे. ती एका पावसाळ्यात सुटते आणि आत गेलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. शक्यतो बाहेर जॉइंटच ठेवू नका, केबल अखंड टाका. ठेवावाच लागला तर आयपी ६५ चा (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न शिरू देणारा) जंक्शन बॉक्स वापरा, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून) आत घ्या, आणि आत जाण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाला टपकतं, बॉक्सपर्यंत पोचत नाही. साधा प्लास्टिकचा बॉक्स असेल तर त्याच्या तळाला ४-५ मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी येणारच असेल तर त्याला बाहेरची वाट द्यावी. मोटारीच्या पाण्याखालच्या जॉइंटला आपोआप एकजीव होणारी रबर टेप, खेचून, निम्मा पदर निम्म्यावर चढवत गुंडाळायची, आणि वरून पीव्हीसी टेप. बेलची वायर काढून टाका आणि वायरलेस बेल लावा. स्वस्तात कटकट मिटते.

स्लॅबमधला पाइप झिरपत असेल तर त्यात वेळ घालवू नका. नवी वायर त्याच ओल्या पाइपात ओढली तर दोन-चार पावसाळ्यांनी पुन्हा तेच. ते सर्किट डीबीपासून सोडा आणि त्या खोलीपुरती भिंतीवरून केसिंग पट्टीतून नवी लाइन घ्या. दिसायला बरी नाही, पण निर्धोक आहे. गळका स्लॅब हे वेगळं दुखणं आहे, त्याचा इलाज वायरमनकडे नाही.

दुरुस्ती व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर काय? फेजची गळती असेल तर त्या एका सर्किटचा एमसीबी खाली ठेवा, बाकी घर चालू द्या. न्यूट्रलचा दोष असेल तर एमसीबी खाली ठेवून भागत नाही. वायरमनकडून त्या सर्किटच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी डीबीतून सोडवून, टोकं झाकून घ्या. ही खरी "पावसाळ्यापुरती" सोय. डायरेक्ट करणं ती नव्हे.

डायरेक्टच्या जोडीला आणखी तीन तडजोडी तुम्हाला सुचवल्या जातील, त्याही नाकारा. एक, ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचा ईएलसीबी. तो आग टाळायला उपयोगी आहे, पण माणसाला वाचवायला नाही. दोन, गिझरची किंवा मोटारीची अर्थची वायर काढून टाकणं. याने पडणं खरोखर थांबतं, कारण गळतीला वाट राहत नाही. मग ती गळती वाट बघत बसते, ओल्या पायांनी नळाला हात लावणाऱ्याची. तिसरी, दर वेळी पडला की पुन्हा पुन्हा वर करत राहणं. दोनदा राहिला नाही तर तिसऱ्यांदा नाही.

सगळं ठीक मोजलं जातंय आणि तरी पावसाच्या दिवसांत महिन्यातून एखादवेळा पडतोय, असंही होतं. कॉम्प्युटर, टीव्ही, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर एसी यांच्या आतल्या फिल्टरमधून निरोगी अवस्थेतही थोडी गळती असते, कॉम्प्युटरसारख्या वस्तूची साधारण अर्धा ते दीड मिलीअँपिअर. अशा आठ-दहा वस्तू एकाच ईएलसीबीवर असल्या की १० मिलीअँपिअर आधीच खर्ची पडलेले असतात, आणि दमट हवेची थोडी भर पुरते. इलाज म्हणजे घर दोन ईएलसीबींत वाटणं. वाटताना न्यूट्रल पट्ट्याही दोन वेगळ्या हव्यात. एकाच पट्टीवर दोन्हींचे न्यूट्रल आले तर दोन्ही ईएलसीबी एकत्र पडत राहतील.

तुमच्या घरी डीबी उघडणारच आहे, तर त्याच वेळी घराबाहेरचं सगळं (गेट, पोर्च, बाग, मोटार) एका वेगळ्या आरसीबीओवर घ्या. एमसीबी आणि ईएलसीबी एकाच डब्यात असं हे यंत्र. महाग पडतं, पण अंगणात पाणी शिरलं तर फक्त अंगण अंधारात जातं, फ्रीज चालू राहतो. त्यासाठी मुख्य ईएलसीबीच्या आधीच्या बाजूने फेज-न्यूट्रल दोन्ही घ्यावे लागतात, आणि आरसीबीओ दोन्ही खांब तोडणारा मागा, म्हणजे बाहेरचा न्यूट्रल भिजला तरी एका खटक्यात सुटा होतो.

काम झाल्यावर वायरमन जायच्या आधी ईएलसीबीवरचं टेस्ट बटण दाबा, तो पडलाच पाहिजे. हे बटण अर्थिंग नसलं तरी काम करतं, त्यामुळे त्याने फक्त यंत्राची खात्री होते. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वेगळा मोजून घ्या. मग सॉकेटवरचं डावं भोक ते वरचं भोक पुन्हा मोजा, आलेला आकडा आणि तारीख कागदावर लिहा आणि तो कागद डीबीच्या दाराला आतून चिकटवा. पुढच्या जूनमध्ये पहिल्या सरीनंतर तीच दोन भोकं पुन्हा मोजायची आहेत.